मास्तरांचा शेवटचा इंग्रजी शब्द

१

कोल्हापूरच्या शनिवार पेठेत गणपतराव मास्तरांच्या खोलीतून भर दुपारी धूर निघाला, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं जेवून आडवी झाली होती. आरडाओरडा ऐकून लोक घागरी घेऊन धावले. तोवर शेजारच्या दुकानातला मौलाली आत शिरून मास्तरांना घोंगड्यात गुंडाळून बाहेर घेऊन आला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. मास्तरांकडे तर बघवत नव्हतं.

त्यांना बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत ते गेले. जाण्यापूर्वी गोऱ्या डॉक्टरनं त्यांना इंग्रजीत काही विचारलं आणि मास्तरांनी इंग्रजीतच उत्तर दिलं. तीस वर्षं कोल्हापूरच्या पोरांना इंग्रजी शिकवलेला माणूस, मरतानाही त्याच भाषेत बोलून गेला. त्या उत्तरावरून फौजदारानं दुसऱ्या दिवशी मौलालीला धरलं आणि भाजलेल्या हातांनिशी तसंच तुरुंगात घातलं.

महाराज विलायतेहून परत आले त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. महाराजांच्या स्वागताला गावात रोषणाई झाली होती. तिच्यातल्या कितीतरी काचेच्या हंड्या आणि झुंबरं मौलालीनं आपल्या हातानं टांगली होती. पिढीजात धंदाच तो. लोक म्हणू लागले, तेलाचे बुधले ज्याच्या दुकानात, आग त्याच्याशिवाय कोण लावणार? आदल्याच आठवड्यात मास्तर त्याच्यावर मोठ्यानं ओरडल्याचंही गल्लीनं ऐकलं होतं.

तात्यासाहेब मगदूम दरबारच्या कचेरीत इंग्रजी कागदांचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत. मूळचे हातकणंगल्याकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरचे. मास्तरांच्या हाताखाली शिकले म्हणून नांगर सुटला आणि लेखणी हातात आली. मास्तर गेल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. अशात एका सकाळी मौलालीची बायको मलिका दारात येऊन उभी राहिली. बरोबर तरणी लेक रशिदा होती.

"तात्यासाब, तुमास्नी सायबाची बोली कळती," मलिका म्हणाली. "मास्तर काय बोल्लं तेवडं बगा. एका शबुदावर माझा मालक आत हाय."

"मलिकाबाई, मरता माणूस खोटं कशाला बोलेल?"

"मास्तर खोटं बोल्लं असं मी कुटं म्हन्तीया? ते काय बोल्लं, ते तुमी आयकलंय का?"

तात्यासाहेबांनी जोडा पायात घातला. खरंच, ते कुणी ऐकलं होतं?

२

फौजदारानं हात झटकले. "मला इंग्रजी येत न्हाई आन् डॉक्टरला मराठी. मधी हिंदुराव हुता. त्यानं सांगितलं ते मी लिवलं. 'मौलालीनं पेटवलं.' डॉक्टरनं खाली सही केली. आनि काय पायजे?"

"डॉक्टरांना मराठी वाचता येत नाही ना?"

"सहीला वाचता कशाला यावं लागतंय?"

हिंदुराव म्हणजे मास्तरांचा भाचा. मास्तरांची विधवा बहीण अक्काताई हिचा एकुलता एक मुलगा. मास्तरांनी त्याला लहानपणापासून वाढवला, शिकवला, आणि नजर अधू झाल्यावर वर्ग त्याच्याच हाती दिला. मायलेक शेजारच्या गल्लीत वेगळ्या घरी राहत, वर्गही तिथंच पडवीत भरे. तात्यासाहेब तिथं पोचले तेव्हा तो वर्गातच होता. मामाचं सुतक जेमतेम फिटलं होतं. डोक्यावरचे केस अजून नीट उगवले नव्हते. पडवीत बसलेली पोरं एका सुरात घोकत होती.

"घर, रस्ता, पोथीचं पान: इल्युमिनेट. माणूस: एनलाइटन. अवघड उतारा: एल्युसिडेट."

हा मास्तरांचा आवडता धडा. उजेडाचे सगळे शब्द एका माळेत ओवून ते प्रत्येकाची जागा दाखवत. घरावर दिवे लावले तर इल्युमिनेट म्हणा. माणसाला न कळणारी गोष्ट उलगडून सांगितली तर त्याला एनलाइटन केलं म्हणा. एकाच्या जागी दुसरा घातला की पट्टी बसायची. अशाच शब्दांच्या जोड्यांचं पुस्तक मास्तर वीस वर्षं लिहीत होते. ते सगळे कागद आगीत गेले होते.

हिंदुरावानं पोरांना सोडलं आणि सतरंजी झटकून पुढे केली.

"बसा तात्यासाहेब. मामा शेवटी काय म्हणाले तेच ना? 'मौलाली इल्युमिनेटेड.' एवढे दोनच शब्द."

"इल्युमिनेटेड? आणि तू 'पेटवलं' केलंस?"

हिंदुरावानं मान खाली घातली. "दुसरं काय करणार? डोळ्यांपुढं मामा तसे पडलेले. मौलालीचा धंदा रोषणाईचा. मला वाटलं, मामांना तेच म्हणायचंय. भाषांतरात उणंअधिक झालं असेल तर दोष माझा."

बोलणं सरळ होतं. डोळेही भरले होते. तात्यासाहेब रस्त्यावर आले तरी मनात काहीतरी खुपत होतं. आग लावणं याला मास्तर जन्मात इल्युमिनेट म्हणाले नसते. शुद्धीत नाही आणि बेशुद्धीतही नाही. मग चूक कुणाची होती? मरणाऱ्याची, की ऐकणाऱ्याची?

३

तुरुंगाच्या दवाखान्यात मौलाली भिंतीला टेकून बसला होता. हातांच्या चिंध्यांना वास येत होता आणि अंगात ताप होता. तात्यासाहेबांना बघून त्यानं उठायची धडपड केली.

"बस, बस. दुपारी काय झालं तेवढं सांग."

"मी दुकानात काच पुसत हुतो. धूर बगितला न् पळालो. दाराला भायरनं कडी. कडी काडली न् आत गेलो. आत घासलेटचा वास."

"फौजदाराला हे सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हन्लं, कडी भायरनं हुती हे तुला ठावं, म्हंजे तूच लावली असनार." मौलाली हसला, पण ते हसू लगेच विरलं. "आता कडी उगडी हुती म्हनू काय? जे हाय ते हाय."

"तुझ्या दुकानात घासलेट असतं?"

"न्हाई ओ. पनतीला करडीचं त्याल लागतं. घासलेटची काजळी काचंला धरती, म्हून मी शिवत बी न्हाई."

तात्यासाहेबांनी ते मनात नोंदलं. मग विचारलं, "मास्तर तुझ्यावर ओरडले होते. कशावरनं?"

मौलालीनं तोंड फिरवलं.

"शपत हाय."

"कुणाची?"

"मास्तरांची. त्येचा आगीशी काय समंद न्हाई, तात्यासो. घरातली गोष्ट हाय."

"मौलाली, तुझ्या घरात तरणी पोर आहे. मास्तर आता शपथेच्या पलीकडे गेले."

लेकीचं नाव निघताच त्याचा धीर सुटला. थांबत थांबत त्यानं सांगितलं. मास्तरांना दिसेनासं झाल्यापासून तो त्यांना हात धरून फिरवायचा. एक दिवस मास्तर म्हणाले, मला छापखान्यात ने, पुस्तक छापायला किती दिवस लागतील ते विचारायचंय. तिथं छापखान्याचा माणूस म्हणाला, असलं एक पुस्तक आमच्याकडं छापून होत आलंय की. हिंदुरावांचं. दरबाराला अर्पण केलंय, त्यावर त्यांना मोठी जागाही मिळणार म्हणतात. त्यानं दोन पानं वाचून दाखवली; शब्दन् शब्द मास्तरांचाच. मास्तर मध्येच म्हणाले, पुरे.

"घरी आलो तवा मी म्हन्लं, ह्ये दरबारात जाऊन सांगा. पोरगं चुकलंय, कान धरायला पायजे. तर माज्यावरच वरडलं. 'त्येचं नाव काडायचं न्हाई! आक्काच्या कानावर गेलं तर ती मरंल!' लोकांनी आयकलं ते ह्येच."

"आणि पुस्तकाचे मूळचे कागद?"

"मास्तरांच्या पेटीत. समदं त्येंच्या हातचं. तेच तर म्हन्लं, ते कागद हाईत तवर माजं माज्याकडंच हाय."

त्या कागदांची आता राख झाली होती. आणि ते नाहीसे व्हावेत असं सबंध कोल्हापुरात एकाच माणसाला वाटत होतं.

४

संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. शेवटचा शब्द ऐकायला त्या खाटेपाशी आणखी कोण होतं, हे तात्यासाहेबांनी दवाखान्यात विचारलं. डॉक्टर बेळगावच्या छावणीत बदलून गेला होता. राहिली एकच. पडद्याबाहेर बसलेली अक्काताई. हिंदुरावाची आई.

अक्काताई शेणानं जमीन सारवत होती. भाऊ गेल्यापासून तिनं घराचा कोपरान् कोपरा दोनदा सारवला होता.

"ये तात्या. माझ्या दादाचा तूच एक इद्यार्थी अजून इचारपूस करतोयस बग."

तात्यासाहेबांना तिच्याकडे बघवेना. तरी विचारावं लागलं. "अक्का, मास्तर डॉक्टरांशी बोलले तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं?"

"आलं की. पडदाच तर हुता मधी."

"काय ऐकलंत?"

"मला कुटलं कळायला? 'मौलाली' म्हन्ला, तेवडं कळलं. मंग 'लाइट' म्हन्ला."

"लाइट?"

"व्हय. लाइट म्हंजे दिवा, एवडं मला बी कळतंय. जलमभर घरात इंग्रजीच आयकली मी. मौलालीनं दिवा लावून घर जाळलं, असंच सांगत असनार."

इल्युमिनेटेड हा शब्द त्यांनी मनात पुन्हा पुन्हा उच्चारला. त्यात लाइट कुठंच नव्हता.

"लाइटच्या पुढं काही होतं का, अक्का? आठवा. घाई नाही."

तिनं शेणाचा हात तसाच वर धरला आणि डोळे मिटले. भावाचा आवाज ती ऐकत असावी. मग त्याच्याच चालीत, जड जिभेनं, ती म्हणाली, "लाइट... लाइटन... लाइटन्यू. असं कायतरी."

एनलाइटन यू. तुम्हाला उलगडून सांगेल. मौलाली तुम्हाला सांगेल.

मास्तरांनी शेवटच्या श्वासातही शब्द चुकवला नव्हता. बहीण पडद्याआड बसलेली आणि भाचा उशाशी उभा, म्हणून त्यांनी भाच्याचं नाव घेतलं नाही. नाव तर अक्काला कोणत्याही भाषेत कळलं असतं. त्यांनी फक्त ज्याला सगळं माहीत होतं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"काय झालं रं तात्या? तोंड का असं झालं?"

"काही नाही, अक्का."

"माझ्या हिंदूला बी इचार की. त्यो अगदी उशाशी हुता. त्येनं माझ्यापरीस चांगलं आयकलंय."

तात्यासाहेबांनी उंबऱ्याशी वाकून तिला नमस्कार केला आणि तडक स्टेशनची वाट धरली.

५

बेळगावच्या छावणीत डॉक्टर हॅलम चहा पीत बसला होता. गृहस्थ वाईट नव्हता. त्याला कोल्हापूरचा तो म्हातारा नीट आठवत होता.

"इतकं शुद्ध इंग्रजी मी हिंदुस्थानात क्वचित ऐकलं," तो म्हणाला. "मी विचारलं, हे कसं झालं? तो म्हणाला, मौलाली विल एनलाइटन यू. मी म्हटलं, बरं, त्या मौलालीला विचारतील. आणि भाच्याला सांगितलं, की फौजदारांना हे कळव."

"साहेब, एनलाइटनच? इल्युमिनेटेड नाही?"

"नाही, नाही. मौलालीला बोलावून विचारलं ना मग?"

तात्यासाहेबांनी त्याची सही कशाच्या खाली आहे ते सांगितलं. डॉक्टरनं पेला बशीत ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग चढला.

"पण त्या तरुणाची ऐकण्यात चूक झाली असेल. शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत."

"साहेब, दुसरा कुणी असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण हा मुलगा रोज त्याच दोन शब्दांतला फरक पोरांना शिकवतो. त्यात चूक करण्याइतका तो कच्चा नाही. आणि मला त्यानं 'पेटवलं'ला इंग्रजी कोणतं सांगितलं? साधा पेटवण्याचा शब्द नाही. इल्युमिनेटेड. म्हणजे उद्या कुणी हटकलंच तर म्हणता येईल, की दुःखात अर्थ लावायला चुकलो. पळवाट ठेवून खोटं बोललाय तो. ज्याला लपवायचं काही नाही, तो पळवाट कशाला ठेवेल?"

डॉक्टरनं खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "मी कोल्हापूरला येईन. न्यायाधीशापुढं शपथेवर सांगेन. पुढच्या सोमवारी."

परतीच्या गाडीत तात्यासाहेबांना किती दिवसांनी डोळा लागला. मिरजेला गाडी बदलताना त्यांनी रशिदेसाठी बांगड्यांची जोडी घेतली. पोरीला बाप परत मिळणार होता.

६

स्टेशनवरून ते थेट तुरुंगाकडे गेले. फाटकावरचा शिपाई ओळखीचा होता. तो जागचा उठला नाही.

"कुणाला भेटायचंय? मौलालीला? काल सकाळीच गेला त्यो. हाताच्या जखमांचं इख अंगात भिनलं म्हन्लं हितलं डॉक्टर. बायकू मयत घिऊन गेली. दफन बी झालं असंल."

तात्यासाहेब फाटकाच्या दगडावर बसले. शिपायानं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

तरीही ते न्यायाधीशांकडे गेले. न्यायाधीश भला माणूस होता. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मगदूम, तुमचं म्हणणं मला पटतं," तो म्हणाला. "पण आरोपी वारला, खटला संपला. डॉक्टरला बोलावू कशासाठी? नवा खटला उभा करायचा तर भाच्यानं घासलेट ओतलेलं कुणी पाहिलं? कडी लावताना कुणी पाहिलं? छापखान्याची गोष्ट सांगणारा मेला. छापखानेवाला दरबारचं काम सोडून तुमच्या बाजूनं बोलणार नाही. राहिली त्याची आई. तिला पिंजऱ्यात उभी करून लेकाविरुद्ध बोलायला लावाल?"

तात्यासाहेब उठले आणि तिथून निघाले ते थेट हिंदुरावाकडे.

हिंदुराव पडवीत एकटाच होता. पुढ्यात नव्या पुस्तकाचा गठ्ठा पडलेला, अजून शाईचा वास येत असलेला. तात्यासाहेब उभेच राहिले.

"एनलाइटन यू," ते म्हणाले. "हॅलमसाहेबांना आठवतंय. अक्कांनाही."

हिंदुरावानं चटकन आतल्या दाराकडे बघितलं. "आईला... आईला सांगितलंत?"

"नाही."

आतून अक्काताईच्या जात्याची घरघर येत होती.

"मौलाली मामांना रोज त्या वेळी रंकाळा तळ्याच्या काठी नेऊन बसवायचा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवशी ताप होता म्हणून मामा खोलीच्या आतल्या अंधाऱ्या खणात झोपले होते. मला माहीत नव्हतं. मी फक्त कागद जाळणार होतो. घर मोकळं आहे असं समजून बाहेर पडलो आणि सवयीनं कडी लावली. आईशपथ, तात्यासाहेब, मामा आत आहेत हे मला माहीत नव्हतं."

"मानलं. आणि मौलाली?"

हिंदुरावानं वर बघितलं. मग पुढ्यातला गठ्ठा नीट रचू लागला.

"फौजदारानं विचारलं तेव्हा मौलाली निर्दोष आहे हे तुला माहीत होतं की नव्हतं?"

"ते माहीत होतं," तो म्हणाला.

जातं थांबलं. अक्काताईनं आतूनच विचारलं, "कोन आलंय रं हिंदू? तात्या हाय व्हय? चा ठिवू का?"

तात्यासाहेब पायऱ्या उतरून निघून गेले.

७

मौलालीच्या घरी माणसं येऊन गेली होती. मलिका भिंतीशी बसली होती, रशिदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दुकानातल्या काचेच्या हंड्या कुणीतरी आत आणून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. तात्यासाहेब खाली टेकले. खिशातल्या बांगड्या हाताला लागत होत्या. त्या काढून देण्याचा धीर त्यांना झाला नाही.

"मलिकाबाई, मौलालीनं काही केलं नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं."

"ते मला ठावं हुतं," मलिका म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मास्तर काय बोल्लं, ते कळलं का?"

"कळलं."

"आपल्या बोलीत सांगा."

तात्यासाहेबांनी आयुष्यात हजारो वाक्यांचं मराठी केलं होतं. या एका वाक्यासाठी त्यांना खूप वेळ लागला.

"मास्तर म्हणाले, मौलालीला विचारा. तो तुम्हाला सगळं सांगेल."

रशिदा उठून बसली.

"मंग?" मलिकानं विचारलं. "कुनी इचारलं का न्हाई?"